टीएसएच नॉर्मल आहे, तरी आई एवढी का थकते?

तुमचा प्रश्न असा आहे: आई ५२ वर्षांची, निपाणीजवळच्या गावात राहते, कित्येक वर्षं थकवा, उन्हाळ्यातही थंडी वाजते, चेहरा फिकट, रक्तदाब कमी. थायरॉईड तीनदा तपासलं, टीएसएच नॉर्मल. आता नव्या डॉक्टरांनी सकाळचं कॉर्टिसोल आणि डोक्याचा एमआरआय सांगितलाय. हा ट्यूमरचा संशय आहे की उगाच खर्च?

मी डॉक्टर नव्हे. बेळगावात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, माहेर खानापूर तालुक्यातलं. पण हा प्रश्न मला रात्री झोपू देईना, कारण माझ्याच आईचं टीएसएच मी माझ्या हातानं चार वेळा लावलं होतं. चारही वेळा दोनच्या आसपास. चारही वेळा मी तिला फोनवर सांगितलं, "काही नाही गं, सगळं नॉर्मल आहे."

आधी तुमची भीती. डोक्यात, नाकाच्या मुळामागे हाडाच्या एका खळग्यात वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पीयूषिका. डॉक्टर पिट्युटरी म्हणतात. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. थायरॉईड, कॉर्टिसोल म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड बनवणाऱ्या मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी, बीजकोश, सगळ्यांना हुकूम हिच्याकडून जातो. टीएसएच हा तसाच एक हुकूम, थायरॉईडला काम कर म्हणून सांगणारा. थायरॉईड बिघडलं की ही ओरडायला लागते आणि टीएसएच चढतं. सगळीकडे टीएसएच तपासतात ते त्यासाठी. पण ओरडणारीच आजारी असेल तर? थायरॉईड रिकामं बसलेलं असतं आणि कागदावर टीएसएच मात्र नॉर्मल, कधी कमी, कधी तर किंचित जास्तही दिसतं. अशा वेळी खरं बोलतं ते फ्री टी४, म्हणजे थायरॉईडनं स्वतः बनवलेलं हार्मोन. आमच्याकडे दिवसभरात येणाऱ्या चिठ्ठ्यांवर बहुतेकदा फक्त टीएसएच लिहिलेलं असतं, आणि स्वस्त पडतं म्हणून पेशंटही तेवढंच मागतात.

ग्रंथी बिघडायचं एक कारण गाठ हे आहेच. पण तिथल्या गाठी बहुतेक साध्या असतात, कॅन्सर नव्हे. आणि आपल्याकडच्या, खेड्यात बाळंत झालेल्या बाईच्या बाबतीत मी गाठीच्या आधी दुसरंच काही विचारीन. शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का? त्या बाळाला अंगावरचं दूध पुरलं का? नंतर पाळी परत आली का?

माझ्या धाकट्या भावाचा जन्म १९९१ च्या श्रावणातला. खानापूरकडचा पाऊस तुम्हाला माहीत असेल. ओढ्याला पाणी, गाडी येईना, बाळंतपण घरातच झालं. आजी सांगायची, "दोन लुगडी भिजली, तिसरं अंथरलं." आई दोन दिवस डोळे उघडेना. त्यातून उठली, पण दूध आलंच नाही. काकूचं मूल तेव्हा अंगावर पीत होतं, तिनंच भावालाही पाजलं. कुणी दृष्ट काढली, कुणी शतावरी दिली. पाळी परत आली नाही. त्यावर गावातल्या बायका काय म्हणायच्या? "सुटलीस बाई एकदाची." आई तीस वर्षांची होती.

त्यानंतर आई हळूहळू मंद होत गेली. चूल पेटवून बसली की बसूनच राहायची. भर मे महिन्यात स्वेटर. काखेतले केस गेले, हे तिनं मला खूप उशिरा सांगितलं, तेही हसत. सरकारी दवाखान्यातले कन्नड डॉक्टर विचारायचे, "सुस्त आगतैतेनरी?" म्हणजे थकवा येतो का. आपल्या मराठीत सुस्त म्हणजे आळशी. आईला वाटायचं, हा माणूस आपल्याला आळशी म्हणतोय, आणि ती मानी बाई, "नाही नाही" म्हणून लोहाच्या गोळ्या घेऊन परत यायची. सीमाभागात राहिल्याची ही किंमत कुठल्या आंदोलनाच्या कागदावर येत नाही.

२०१५ च्या जूनमध्ये तिला साधे जुलाब झाले, आणि दुसऱ्या दिवशी ती मला माझ्या आत्याच्या नावानं हाक मारायला लागली. दवाखान्यात सोडियम ११४ आलं. १३५ च्या वर पाहिजे. तिथं एका म्हाताऱ्या फिजिशियननी खाटेवर टेकून एकच गोष्ट विचारली: "धाकट्याला किती महिने पाजलंत?" मी म्हटलं, एक दिवससुद्धा नाही. त्यांनी सलाईन चालू असतानाच कॉर्टिसोलचं रक्त काढून घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषधातल्या कॉर्टिसोलचं, इंजेक्शन दिलं. कॉर्टिसोल आलं १.८, फ्री टी४ ०.४, दोन्ही फारच कमी. आणि टीएसएच? २.४. नॉर्मल!

या आजाराला शीहान सिंड्रोम म्हणतात. हॅरोल्ड शीहान या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञानं १९३७ साली बाळंतपणात दगावलेल्या बायकांच्या शवविच्छेदनांवरून त्याचं वर्णन केलं. गरोदरपणात, दुधाची तयारी म्हणून, पीयूषिका फुगते. तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत दाब मुळातच कमी. बाळंतपणात भळाभळा रक्त गेलं, रक्तदाब पडला की या वाढलेल्या ग्रंथीला रक्त पुरत नाही आणि तिचा पुढचा भाग मरतो. सगळा एकदम मेला तर बाई तेव्हाच जाऊ शकते. थोडा उरला तर ती दहा-वीस वर्षं ओढत राहते, आणि जुलाब, ताप, ऑपरेशन असं काही आलं की कोसळते. काश्मीर खोऱ्यात डॉक्टरांनी मूल झालेल्या बायकांची पाहणी केली, तेव्हा शंभरात साधारण तिघींना हा आजार असावा असा अंदाज निघाला, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त घरीच बाळंत झालेल्या होत्या.

इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण ती आपल्या जिल्ह्याची आहे. बाळंतिणीचं रक्त आपण लुगड्यांत मोजायचो. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या लोकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ या काळात याच जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींवर अभ्यास केला. बाळंतपण करणाऱ्या एएनएम, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविका सिस्टरच. निम्म्या बायकांना बाळ झाल्याबरोबर मिसोप्रोस्टॉल या गर्भाशय आकसवणाऱ्या औषधाची ६०० मायक्रोग्रॅमची गोळी तोंडानं दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. आणि रक्त मोजायला बाळंतिणीखाली खुणा छापलेली प्लास्टिकची पिशवी. अर्ध्या लिटरच्या वर रक्त जाण्याचं प्रमाण बारा टक्क्यांवरून ६.४ वर आलं, लिटरच्या वरचं १.२ वरून ०.२ वर. २००६ साली हे लॅन्सेटमध्ये छापून आलं, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. फ्रिज लागत नाही, सुई लागत नाही. श्रावणात ओढ्यापलीकडे अडकलेल्या बाईसाठीच केल्यासारखी गोळी. आईसाठी ती दहा-अकरा वर्षं उशिरा आली, एवढंच.

आता तुमच्या आईचं. तुम्ही मुलगा असाल तर पाळी-दुधाचं बहिणीला किंवा मावशीला विचारायला लावा. आई तुम्हाला "सगळं बरं होतं" एवढंच सांगेल. आणखी दोन गोष्टी विचारा. उसात, तंबाखूत काम करताना कधी घोणस चावली होती का? घोणसीच्या विषानंही ही ग्रंथी अगदी अशीच मरते. ब्रह्मदेशातल्या शेतकऱ्यांवरून हे १९८७ मध्ये लॅन्सेटमध्येच आलं होतं, आणि आपल्याकडेही असे पेशंट आहेत. दुसरं, गुडघेदुखीसाठी बाजारातली पुडी, कुणाचं "जादूचं" इंजेक्शन चालू आहे का? त्यात बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. बाहेरून स्टेरॉईड मिळत राहिलं की शरीर आपलं बनवायचं थांबवतं आणि कॉर्टिसोल कमी येतं. अशी पुडी असेल तर ती डॉक्टरांना दाखवा, पण तडकाफडकी बंद करू नका, त्यानंही माणूस कोसळतो.

कॉर्टिसोल सकाळी आठ ते नऊच्या दरम्यानच द्या. दुपारी ते सगळ्यांचंच उतरलेलं असतं, दुपारच्या आकड्याला काही अर्थ नाही. साधारण तीनच्या खाली (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात) आलं तर कमतरता जवळजवळ नक्की, पंधराच्या वर आलं तर बहुधा नाही, मधे आलं तर इंजेक्शन देऊन दुसरी चाचणी करतात. त्याच रक्तात फ्री टी४, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) आणि एफएसएच (पीयूषिकेचा बीजकोशांना हुकूम) लावून घ्या, डॉक्टरांना विचारून. एफएसएच हा माझा आवडता आकडा. पाळी गेलेल्या बाईचं ते वर चढलेलं असायला पाहिजे. ५४ व्या वर्षी आईचं ३ होतं. मी त्या दिवशी तो आकडा तीनदा वाचला. हे सगळं एमआरआयच्या मानानं स्वस्त आहे, म्हणून आधी रक्त करायला हरकत नाही. मात्र डोकं सतत दुखत असेल किंवा बाजूचं दिसेनासं झालं असेल तर एमआरआय लांबवू नका. आईच्या एमआरआयमध्ये ग्रंथीचा खळगा जवळजवळ रिकामा दिसला, गाठ नव्हती.

आणि हे नीट लक्षात ठेवा. फ्री टी४ कमी आलं म्हणून कुणी नुसती थायरॉईडची गोळी लिहून दिली, तर आधी कॉर्टिसोलचं विचारा. कॉर्टिसोल कमी असताना थायरॉक्सिन आधी सुरू केलं तर उरलंसुरलं कॉर्टिसोल भराभर खर्च होतं आणि पेशंट अत्यवस्थ होऊ शकतो. आधी स्टेरॉईड, मग थायरॉक्सिन. नंतर डोस ठरवतानाही टीएसएच नव्हे, फ्री टी४ बघतात.

स्टेरॉईड म्हटल्यावर घरात गहजब होईल, आमच्याकडेही झाला. पण हे शरीरात नसलेलं तेवढंच भरून काढणं आहे, त्याहून जास्त नाही. आई सकाळी उठल्याबरोबर एक गोळी घेते, दुपारी अर्धी. ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट करायला डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. उलटी होऊन गोळी पोटात राहत नसेल तर सरळ इंजेक्शन. एकादशी धरते, सौंदत्तीला यल्लम्माला जाते, गोळ्या कमरेच्या पिशवीत. सोबत मी एक चिठ्ठी दिलीय, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत: मला स्टेरॉईड लागतं, बेशुद्ध दिसले तर हायड्रोकॉर्टिसोन द्या. वाटेत पडली तर शेजारचा मराठी असेल, कंडक्टर कन्नड, डॉक्टरांचे कागद इंग्रजी.

उपचार सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी आईनं वॉर्डातल्या सिस्टरशी चहा गार दिला म्हणून भांडण काढलं. भाऊ ओशाळला. मी मात्र जिन्यात जाऊन रडले. तिला भांडताना मी शेवटचं पाहिलं होतं तेव्हा मी शाळेत होते.

रिपोर्ट आला की आकड्यासोबत रक्त किती वाजता काढलं तेही बघा. ती वेळ कागदावर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असते, कुणी वाचत नाही.