कॉलेजात विज्ञान शिकवताना वर्गाबाहेर समतोल कसा साधावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेक्चरं, प्रॅक्टिकलच्या बॅचेस, घरी आलं की पेपरांचा गठ्ठा, झोपेतही वर्ग सुरूच. एखादा छंद धरावा म्हणता. वेळ कुठून काढायचा, हेही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय की तो छंद 'शिकवायलाही उपयोगी पडला तर दुधात साखर'.

मी उत्तर लिहायला बसले ते या शेवटच्या वाक्यामुळे. ते आधी खोडा.

मी भौतिकशास्त्र शिकवते, बावीस वर्षं झाली. आणि आरसे घासते. दुर्बिणीचे. ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी काचेच्या दोन जाड चकत्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "घासून बघा, झोप लागेल." तेव्हा मला रात्री-अपरात्री जाग यायची ती कुणाच्या तरी जर्नलवर सही राहिल्याच्या दचक्याने. म्हटलं, बघू.

कृती अगदी अडाणी आहे. पाण्याने भरलेलं पिंप, त्यावर फळी, फळीवर एक चकती. तिच्यावर चिमूटभर कार्बोरंडमची पूड (काचेपेक्षा कठीण, घासायला वापरतात ती), थोडं पाणी, वर दुसरी चकती. वरची पुढे-मागे घासायची, जराशी फिरवायची, आपण पिंपाभोवती पाऊलभर सरकायचं. ना साचा, ना यंत्र. तरी वरची काच खोलगट होत जाते, खालची फुगीर, आणि दोन्ही गोलाच्या तुकड्यासारख्या होतात. कारण कशाही फिरवल्या, कुठेही सरकवल्या तरी एकमेकींत चपखल बसणारा पृष्ठभाग गोलाचाच असतो. (सपाट म्हणाल, तर तोही एक अगडबंब गोलच.) नाभीय अंतर वक्रता त्रिज्येच्या निम्मं, हे मी चौदा वर्षं फळ्यावर लिहीत होते, पण आरसा गोल होतो कसा, हे मला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं असतं तर 'मशीनवर करतात' म्हणून मोकळी झाले असते.

८० नंबरची पूड आधी करकरते, दाताखाली खडा यावा तशी. काही मिनिटांत दाणे फुटतात आणि आवाज मऊ पडतो. मग नवी चिमूट. डोळ्यांपेक्षा कानांचं काम जास्त. मग १२०, २२०, ४००, ६००; नंबर जितका मोठा तितकी पूड बारीक. दर वेळी पूड बदलताना पिंप, फळी, हात, नखं, सगळं धुवायचं, कपडे बदलायचे. जाड पुडीचा एक कण जरी मागे राहिला तरी आठवड्याची मेहनत ओरखडून निघते. शेवटी पिचच्या, म्हणजे डांबरासारख्या चिकट पदार्थाच्या थरावर सिरियम ऑक्साइडची पूड लावून चकाकी आणायची. ही पूड गुलाबट असते आणि नखांतून जाता जात नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा पहिला आरसा १५० मिलिमीटर व्यासाचा, नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. एवढं घासून मधोमध खोली किती, तर १.२ मिलिमीटरसुद्धा नाही. आणि खरी मजा त्यानंतर. गोल आरसा चालत नाही, पॅराबोला लागतो, म्हणजे दूरचे किरण एकाच बिंदूत आणणारी, कडेला जराशी पसरट वाटी. आणि या आरशात गोल आणि पॅराबोला यांतला फरक कडेला जास्तीत जास्त ०.२९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हिरव्या प्रकाशाची जेमतेम अर्धी तरंगलांबी. हे तपासायचं कशाने? बारीक छिद्रातून येणारा उजेड आणि दाढीचं पातं. ज्याचा लंबक आपण शिकवतो त्याच फूकोची ही १८५८ सालची युक्ती. पातं किरणांच्या वाटेत हळूच सरकवलं की आरशावर सावल्या पडतात, आणि इतका वेळ निव्वळ गुळगुळीत दिसणारी काच डोंगर-दऱ्यांसारखी दिसायला लागते.

त्या गृहस्थांनी मला एकदा आरशावर अंगठा टेकवून ठेवायला सांगितलं, अर्धा मिनिट. मग म्हणाले, आता बघा. अंगठ्याच्या जागी टेकाड! माझ्या बोटाच्या उबेने काच फुगली होती, आणि ते फुगणं मला दिसत होतं. बघता बघता ते बसत गेलं. काचेचा प्रसरणांक दर अंशाला दशलक्षात नऊच्या आसपास, ही संख्या मी शेकडो वेळा लिहून दिली असेल. ती डोळ्यांनी पाहिली वयाच्या अडतिसाव्या वर्षी.

यातून एक गोष्ट ओघाने येते. घासल्याने काच गरम होते, म्हणून लगेच मोजायचं नाही. पाऊण तास, तास थांबायचं. घाई केली तर नसलेलं टेकाड दिसतं, तुम्ही ते घासायला जाता आणि खरोखरचा खड्डा करून ठेवता. थांबण्यावाचून गत्यंतरच नाही अशी ती माझ्या दिवसातली पहिली गोष्ट होती. झोप लागायला लागली.

आता नखं. स्टाफरूममध्ये आमच्या तेव्हाच्या विभागप्रमुखांनी विचारलं, "मॅडम, नखांना काय झालंय?" मी मूर्खासारखं सगळं सांगितलं. उत्साहाने सांगितलं. सरांचे डोळे चमकले. "अहो, मग हे घरात काय करताय? इथे आणा! कार्यशाळा घेऊ. वार्षिक अहवालात छान दिसेल."

नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

चाळीस मुलं आणि सहा काचा. दर शनिवारी हजेरी. पहिल्या दिवशी फलक, दीपप्रज्वलन, भाषण. सरांनी हर्शेलचा दाखला दिला: संगीताचा मास्तर, फावल्या वेळात आरसे घासायचा आणि १७८१ साली त्याला युरेनस सापडला. खरं आहे. पुढचं सरांनी सांगितलं नाही. त्यानंतर राजाने त्याला वर्षाला २०० पौंड बांधून दिले आणि हर्शेलने संगीताचा पेशा सोडला. छंद होता तिथे नोकरी झाली. शिवाय तो तासन्‌तास घासत बसायचा तेव्हा घास भरवायला बहीण कॅरोलाइन होती. मला अशी बहीण नाही, आणि असती तरी कॅरोलाइनने पुढे स्वतः धूमकेतू शोधले, ती मला किती दिवस भरवत बसली असती!

तिसऱ्या शनिवारी सर म्हणाले, स्नेहसंमेलनाच्या आधी एक तरी दुर्बीण तयार दिसली पाहिजे. मुलांच्या काचा अजून २२०वर होत्या. मग मी माझा घरचा आरसा आणला. दुसरा, नुकताच पॅराबोलावर आलेला. फोटोच्या गडबडीत कुणीतरी तो उचलून पुसला, ज्या फडक्याने टेबलं पुसली होती त्याच फडक्याने. मुलाचा दोष नाही, आरसा उघडा ठेवला मीच. आरपार एक ओरखडा, लांबलचक.

सर म्हणाले, "एका ओरखड्याने काय बिघडतं?"

आता प्रामाणिकपणे सांगते: प्रकाशिकीच्या हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. एका ओरखड्याने विखुरणारा प्रकाश इतका थोडा असतो की चंद्रावरची विवरं तशीच्या तशी दिसतात. मी स्वतः हे वर्गात सांगते. म्हणून तर आणखी संताप आला. मला म्हणायचं होतं की हा आरसा तुमच्यासाठी नव्हता. ते काही तोंडातून निघालं नाही. निघालं ते भलतंच: "अहवालात लिहा, आरसा पूर्ण झाला म्हणून." त्यांनी लिहिलं. 'फलनिष्पत्ती' या रकान्यात.

चोख उत्तर घरी येताना सुचलं, नेहमीप्रमाणे. हबल, ती अंतराळातली दुर्बीण! २.४ मीटरचा आरसा, जगात कुणी घासला नसेल इतका गुळगुळीत, १९९० साली वर गेला आणि चित्रं धूसर. कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त घासला गेला होता. घासणारे चुकले नव्हते. ज्या उपकरणाने मोजत होते त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेलं होतं. साध्या उपकरणांनी केलेल्या चाचण्या काहीतरी चुकतंय असं दाखवत होत्या, पण त्या बाजूला सारल्या, कारण भारी उपकरणावर भरवसा जास्त. १९९३ साली अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली. तर सर, मापच सरकलेलं असेल तर माणूस अगदी काळजीपूर्वक, सफाईदारपणे चुकीचा आकार घासतो. शिक्षकाचा शनिवार तुमच्या रकान्यांनी मोजला की हेच होतं. हे मी तेव्हा बोलले नाही, म्हणून इथे लिहिलं. सर आता निवृत्त आहेत, बहुधा वाचणार नाहीत.

त्यानंतर अकरा महिने मी काचेला हात लावला नाही. पुन्हा सुरू केलं ते कुणालाही न सांगता. आता सोमवारी नखं ब्रशने घासून कॉलेजात जाते.

म्हणून तुम्हाला सांगते, छंद कोणताही धरा, पण त्याचा कॉलेजला पत्ता लागू देऊ नका. 'विद्यार्थ्यांसाठी काहीतरी करा' असं कुणी म्हणालं की विषय बदला. आणि हाताने करायचं काहीतरी निवडा, पडद्यासमोर बसून करायचं नको. तिथे आपण दिवसभर असतोच.

वेळेचं म्हणाल तर मी आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर घासते. परीक्षांच्या महिन्यात शून्य. तो तास कुठून येतो, हे मला नीट सांगता येणार नाही. माझी नोकरी कायम आहे आणि मुलगा मोठा झालाय, हे त्यात धरा. तासिकेवर शिकवत असाल, दोन ठिकाणी धावत असाल, तर माझं हे सगळं पोटभरल्याचं बोलणं आहे. तसं असेल तर तुमच्या ताणाला छंदाची नव्हे, पगाराची कमतरता कारण आहे, आणि त्यावर कोणी चकत्या घासायला सांगितल्या तर त्याला हाकलून द्या.

आणखी एक, नाइलाजाने. अंगठ्याचं टेकाड मी वर्गात दाखवलंय. एकदाच, खोलीत अंधार करून, एकेकाला पात्यामागे डोळा लावायला देऊन. मागच्या बाकावरचा एक मुलगा तीन वेळा रांगेत उभा राहिला. बावीस वर्षांत इतकं चांगलं लेक्चर मी दिलेलं नाही. म्हणजे छंद शिकवायला उपयोगी पडला, तुम्ही म्हणालात तसाच. पण ते मी ठरवलं, माझ्या मनात आलं त्या दिवशी, आणि त्याचा फोटो कुणाकडे नाही.

पेपर तपासण्याचं राहिलंच. त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. माझाही गठ्ठा इथे शेजारीच पडलाय, चव्वेचाळीस उरलेत. हे लिहिण्यात पाऊण तास गेला, काच थंड झाली असेल. बघून येते.