रिफ्ट व्हॅली तापाची लस आणि गाभण शेळ्या

प्रश्न (शेळीपालक, शहापूर): आखातात कामाला असलेल्या भावाने रिफ्ट व्हॅली तापाबद्दल सांगितलं. डासांमुळे शेळ्या गाभडतात, माणसालाही ताप येतो म्हणे. माझ्या १४ शेळ्या गाभण आहेत. लम्पीची लस टोचली तर चालेल का?

उत्तर: नाही. लम्पीचा विषाणू देवी रोगाच्या विषाणूच्या कुळातला, तो माणसाला होत नाही. रिफ्ट व्हॅलीचा विषाणू निराळा. त्याची साथ आपल्याकडे आलेली नाही; आफ्रिकेबाहेर ती पहिल्यांदा २००० साली सौदी आणि येमेनमध्ये पसरली. त्यामुळे आज ही लस शोधत फिरू नका.

तिकडे लसी आहेत, पण प्रत्येकीत काही अडचण आहे. स्मिथबर्न ही जुनी जिवंत लस एका टोचणीत दीर्घ संरक्षण देते, मात्र गाभण जनावर तिने गाभडू शकतं. मृत विषाणूची लस गाभणीला चालते, पण बूस्टर लागतो. क्लोन १३ या लसीत विषाणूचा एनएसएस हा घटक बहुतांशी गळालेला असतो. शरीराची पहिली बचावफळी हाच घटक बंद पाडतो, म्हणून ती लस सौम्य ठरते. माणसांसाठीच्या लसी अजून चाचणीत आहेत.

खरी मेख वेळेची आहे. एडिस डासाची अंडी विषाणूसकट कोरड्या चिखलात वर्षानुवर्षं टिकतात आणि मोठा पाऊस झाला की फुटतात. लस त्याआधी द्यावी लागते. पण शांत वर्षांत ती कोणी मागत नाही, म्हणून साठाही नसतो. साथ पेटल्यावर एकाच सुईने कळप टोचला, तर रक्तातून आपणच रोग पसरवतो.

हा सुईचा नियम तुमच्या पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) लसीलाही लावा. प्रत्येक शेळीला वेगळी सुई, कातडीखाली १ मिली. सिरिंज स्पिरिटने धुऊ नका, जिवंत लस मरते. विरघळवलेली लस बर्फात ठेवून दोन तासांत संपवा. व्यायला टेकलेल्या शेळीची धरपकड नको; ती व्यायल्यावर टोचा.

शेळी गाभडलीच तर आपल्याकडे आधी ब्रुसेला या गाभडवणाऱ्या जिवाणूचा संशय घ्यावा. तोही माणसाला होतो. करडू आणि वार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांना टाकू नका. हातमोजे घालून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. गरोदर बाईला तिथे फिरकू देऊ नका. पुरण्याआधी १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करून डॉक्टरांना नमुना घेऊ द्या.