ठाणे, भिवंडी, वापी: डिझेलचा दर कुठे बदलतो आणि कशामुळे

तुमचे दोन टेम्पो, एक ठाण्याहून भिवंडी-नाशिक लाइनवर आणि दुसरा तुर्भ्याहून वापीला. नाशिकचा ड्रायव्हर म्हणतो, कशेळीचा पूल ओलांडल्यावरच डिझेल टाकायचं, तिकडे दोन रुपये स्वस्त आहे. वापीचा म्हणतो, बॉर्डरपलीकडे टाकी फुल करू. शिवाय तुम्ही विचारलंय की रिफायनरी चेंबूरजवळ माहुलला, आपल्या दारातच असताना आपल्याकडे डिझेल नागपूर-दिल्लीच्या तुलनेत एवढं स्वस्त का नाही. या धंद्यात बराच काळ घातलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाशिकवाला ड्रायव्हर मनाचं सांगत नाहीये, त्याची माहिती जुनी झालीये. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीत डिझेलवर 24 टक्के व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीवरचा कर, होता आणि राज्याच्या बहुतेक भागात 21 टक्के. कर ज्या रकमेवर लागतो ती लिटरमागे 70 रुपये धरा, म्हणजे तीन टक्क्यांचे 2 रुपये 10 पैसे झाले. म्हणून बाळकुमच्या पंपावर एक दर आणि खाडी ओलांडून भिवंडी तालुक्यात शिरलं की दुसरा. तीच गोष्ट सायन-पनवेल हायवेवर. बेलापूर नवी मुंबई महापालिकेत, खारघर-कळंबोली पनवेल महापालिकेत. डिझेल तेच, कंपनी तीच, अंतर दहा मिनिटांचं, पण कळंबोलीच्या पंपांवर रांगा आणि बेलापूरकडचे पंपवाले हात चोळत बसलेले.

28 जून 2024 ला अजित पवारांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात या तीन शहरांतला डिझेलचा व्हॅट 24 वरून 21 टक्क्यांवर आणला आणि 1 जुलैपासून तो लागू झाला. डिझेल साधारण दोन रुपयांनी उतरलं. ज्या कारणासाठी लोक पूल ओलांडत होते ते कारणच त्या दिवशी संपलं, सवय मात्र राहिली. आजही निव्वळ डिझेलसाठी वाट वाकडी करणारे टेम्पो दिसतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण तो पैसा छोट्या गाडीमालकाच्या खिशातून जातो. हिशोब करून बघा. 80 लिटरच्या टाकीवर दोन रुपयांनी वाचायचे 160. गाडीचं ॲव्हरेज 8 धरलं आणि जाऊन-येऊन 16 किलोमीटर जास्त पडले तर 2 लिटर जळाले, म्हणजे 90 च्या दराने 180 रुपये. रस्त्यात पंप लागत असेल तरच त्या फरकाला अर्थ होता. आता तर फरक पैशांत आहे.

ते पैसे येतात वाहतुकीतून. प्रत्येक पंपाचा दर वेगळा असू शकतो, कारण डेपोपासून तिथपर्यंतचं टँकरचं भाडं त्यात धरलेलं असतं. दोन पंपांच्या पावत्या शेजारी ठेवून दर बघा, दशांश चिन्हापुढचे आकडे जुळणार नाहीत. आपल्याला माल जवळून येतो म्हणून ही रक्कम कमी. परभणीला पेट्रोल-डिझेल राज्यात सगळ्यात महाग म्हणून दर वेळी बातमी येते, त्यामागे हेच आहे. मुंबईहून पाइपलाइनने माल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोपर्यंत येतो, तिथून पुढे सुमारे 300 किलोमीटर टँकरने. आणि हे भाडं ज्या किमतीत मिळवतात तिच्यावर व्हॅट लागतो, म्हणजे भाड्याचा एक रुपया ग्राहकाला 1 रुपया 21 पैशांना पडतो.

माहुलच्या रिफायनरीचा आपल्याला फायदा होतो तो एवढाच, भाड्यापुरता. रिफायनरीच्या दारातला दर तिथल्या उत्पादनखर्चावर ठरत नाही. 2006 पासून तो 80 टक्के आयातीच्या आणि 20 टक्के निर्यातीच्या किमतीवरून काढायची पद्धत आहे आणि त्यासाठी आखाती बाजारातला भाव धरतात. थोडक्यात, तेच डिझेल जहाजाने आणलं असतं तर केवढ्याला पडलं असतं, हा मुख्य हिशोब. त्यामुळे चेंबूरला धूर आपण खातो पण दरात खास सूट मिळत नाही. उलट 2017 ला जीएसटी येईपर्यंत जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) यांचाही भार इथल्या दरावर होता.

केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपये असतं, देशभर सारखं. वरवर पाहता त्यामुळे राज्याराज्यांत फरक पडायला नको. पण राज्याचा व्हॅट त्या शुल्कावरही टक्क्यांनी चढतो. मे 2022 मध्ये केंद्राने डिझेलवरचं शुल्क सगळीकडे 6 रुपयांनीच कमी केलं. दिल्लीत डिझेल 96.67 वरून 89.62 वर आलं, म्हणजे 7 रुपये 5 पैसे उतरलं. मुंबईत 104.77 वरून 97.28, म्हणजे 7 रुपये 49 पैसे. आपला टक्का मोठा म्हणून दर उतरतानाही जास्त उतरला. चढतानाही तसाच जास्त चढतो. डिझेल जीएसटीत नाही, तोवर प्रत्येक राज्य आपला टक्का आपण ठरवणार.

आता वापी. गुजरात स्वस्त, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय ते पेट्रोलमुळे. आपल्याकडे पेट्रोलवर जुलै 2024 नंतरही 25 टक्के व्हॅट आणि वर लिटरला 5 रुपये 12 पैसे, गुजरातेत 13.7 टक्के आणि 4 टक्के सेस, म्हणजे उपकर. कारवाल्याला बॉर्डरवरचा अच्छाडचा नाका ओलांडून पेट्रोल टाकणं परवडतं. डिझेलवर मात्र गुजरातेत 14.9 टक्के आणि वर 4 टक्के सेस आहे, म्हणजे आपल्या 21 च्या जवळपासच. तेव्हा तुमच्या ड्रायव्हरने बॉर्डरअलीकडे तलासरीला भरलं काय आणि पलीकडे भिलाडला भरलं काय, ट्रिपच्या हिशोबात उमटणार नाही. दमणची गोष्ट वेगळी, तिथे कर कमी, पण तेवढ्यासाठी हायवे सोडून आत शिरणं आणि परत येणं दोन्ही धरा.

दक्षिणेकडे कधी गाडी गेली तर निपाणीला भरायचा सल्लाही तपासून घ्या. कर्नाटकने जून 2024 मध्ये कर वाढवला तेव्हा डिझेल साधारण 3 रुपयांनी वाढलं, एप्रिल 2025 ला टक्का 21.17 केला तेव्हा आणखी 2 रुपयांनी. पूर्वीची मोठी तफावत त्यात गेली.

एका गोष्टीपासून मात्र ड्रायव्हरला सक्त लांब ठेवा. हायवेला ढाब्यामागे किंवा गोडाऊनच्या आवारात कुणी लिटरला दहा-पंधरा रुपये कमी सांगत असेल तर ते डिझेल नाही. कर आणि भाडं धरून एवढा फरक प्रामाणिक मालात बसतच नाही. बायोडिझेल म्हणून काहीही विकतात. बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीचे इंजेक्टर गेले की वर्षभराची बचत एका बिलात जाते. बोर्डावर घनता लिहिलेली असेल आणि छापील पावती मिळेल अशाच पंपावर गाडी लावा.

तुमचा खरा पैसा भाड्याच्या करारात आहे. डिझेल वाढलं तर भाडं वाढेल, एवढं मोघम वाक्य पार्टीकडून, म्हणजे माल देणाऱ्याकडून, लिहून घेऊ नका. मूळ दर कोणत्या तारखेचा, कोणत्या शहरातला आणि कोणत्या तेल कंपनीचा, हे तिन्ही लिहा. खाजगी कंपन्यांच्या पंपांचे दर वेगळे असतात, त्यांचा दर आधार म्हणून धरू नका. गाडी ठाण्यात भरत असाल तर ठाण्याचाच दर लिहा, आणि दर किती रुपयांनी हलला की भाडं बदलायचं तेही आकड्यात. कराराचा मसुदा इथे टाकलात, पार्टीचं नाव झाकून, तर मी वाचून सांगेन.