ताट, टीव्ही आणि सासूबाई

प्रश्न : आम्ही खानापूरजवळ राहतो. घरात एकच टीव्ही. सासूबाईंच्या मालिका सातला सुरू होतात त्या दहापर्यंत. थोरला सहावीत, त्याचा अभ्यासही त्याच खोलीत. धाकटी अडीच वर्षांची, कार्टून लावल्याशिवाय घास गिळत नाही. बोललं की वाद. काय करू?
– एक सून

उत्तर : आधी धाकटीचं बघू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त पडदा नको. कमी तितकं बरं. तिकडं लक्ष असलं की पोट भरलेलंही पोराला कळत नाही. चार दिवस रडेल, अर्धं ताट राहील. राहू दे. अंगणात बसवून भरवा. मांजर, कोंबड्या, रस्त्यावरची लाल बस, एवढं कार्टून पुरतं.

सासूबाईंचं मात्र एकदम तोडू नका. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण बघायला आमच्या शहापुरातल्या खोलीत अख्खी गल्ली बसायची. संपलं की आई टीव्हीचं लाकडी शटर ओढायची, विषय मिटला. आता शटरही गेलं आणि संपणंही. त्यांनाच विचारा, ‘आई, यातल्या कुठल्या दोन चुकवायच्या नाहीत?’ बाकीच्या बहुतेक दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतात, थोरला शाळेत असताना. थोरल्याचं दप्तर स्वयंपाकघरात, तुमच्या नजरेसमोर आणा.

आणि हो, तुमच्या मोबाइलबद्दल पत्रात चकार शब्द नाही. तो रात्री कुठं असतो?