ध्वनिदाब डेसिबलमध्ये सांगता येतो का?

विचारणा अशी आहे: ‘मिरवणुकीत ध्वनिदाब १०० डेसिबलवर गेला’ हे बातमीतलं वाक्य बरोबर आहे का? आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ असेल, तर १०० म्हणजे जवळपास दुप्पटच ना?

वाक्यात ‘ध्वनिपातळी’ हवं. दाब पास्कलमध्ये मोजतात. डेसिबल सांगतो तो एका ठरलेल्या दाबाच्या तुलनेत हा दाब कुठल्या पायरीवर आहे ते. हवेतल्या आवाजासाठी तो ठरलेला दाब २० मायक्रोपास्कल, म्हणजे निरोगी कानाला जेमतेम ऐकू येईल इतका. त्यामुळे शून्य डेसिबल म्हणजे आवाजच नाही, असं नव्हे.

पातळीवरून दाब काढायचा तर डेसिबलच्या आकड्याला २० ने भागायचं, येईल तो १० चा घात धरायचा आणि २० मायक्रोपास्कलने गुणायचं. १०० भागिले २० म्हणजे ५. दहाचा पाचवा घात एक लाख. गुणाकार २० लाख मायक्रोपास्कल, अर्थात २ पास्कल. ५५ साठी घात २.७५, म्हणजे सुमारे ५६२ पट, आणि दाब जेमतेम ०.०११ पास्कल. दोन्हींची तुलना केली तर मिरवणुकीचा दाब मर्यादेच्या सुमारे १७८ पट निघतो! ‘दुप्पट’ लिहायला पातळी फक्त ६ डेसिबलने वाढली तरी पुरे. (९४ डेसिबल म्हणजे जवळपास बरोबर १ पास्कल, एवढं पाठ असलं की बाकीचा अंदाज तोंडी येतो.)

‘तीव्रता’ हा शब्द आपण सरसकट वापरतो. बोलताना चालेल, पण आकड्याला जोडून नको. तीव्रता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून १० डेसिबल वाढले की तीव्रता दहापट होते आणि दाब सव्वातीन पटींच्याही जरा आतच राहतो. सूत्रात कुठे १० तर कुठे २० दिसतात, ते यामुळेच.

एक बारकावा. आपल्या नियमांतल्या मर्यादा ‘डेसिबल ए’मध्ये आहेत, म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेनुसार खर्जातले आवाज कमी धरून. डीजेच्या भिंतीचा धडधडाट असतो नेमका खर्जात. त्यामुळे ‘ए’चा आकडा वरच्या सूत्रात घातलात, तर छातीवर आदळणारा खरा दाब उत्तरापेक्षा जास्तच असणार.