फोटोत ओल शोधणारी नजर

"दुसऱ्याचं चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. मी वाईट आहे का?" वाशीला माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांपैकी कितीतरी जण हे विचारतात, तेही चोरीची कबुली द्यावी तशा आवाजात.

कोपरखैरण्यात भाड्याने राहणाऱ्या एका गृहिणीचं तेच होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). धाकट्या जावेला सिडकोच्या सोडतीत तळोज्याला घर लागलं आणि यांची झोप उडाली. सुरुवातीच्या भेटी रडण्यातच गेल्या. "मी तिचा द्वेष करते" हेच पालुपद.

मग एकदा सहज बोलून गेल्या, "गृहप्रवेशाचे फोटो व्हॉट्सॲपवर आले, तर मी ते मोठे करकरून बघत होते. भिंतीला कुठे ओल दिसतेय का म्हणून."

"दिसली?"

"नाही हो."

"मग सासूबाईंना काय सांगितलंत?"

बराच वेळ पदराशी चाळा. "...बांधकाम कच्चं वाटतंय म्हणून."

गाठ इथे होती. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ईर्ष्या म्हणजे 'अक्षान्ति', सहन न होणं. असूया म्हणजे 'दोषारोपो गुणेष्वपि', गुणांवरही दोष लादणं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीची. दुःखामागचा 'मलाच मिळायला हवं होतं' हा हट्ट शोधायची सवय. पण सलणं कुठे संपतं आणि बोट दाखवणं कुठे सुरू होतं, हे कोशकार अमरसिंहाने जितक्या थोडक्यात सांगितलंय, तितकं मला दुसरीकडे सापडलं नाही. हा कोशाचा उपयोग माझा मीच शोधलेला, त्यामुळे जरा जास्तच लाडका!

त्यांना म्हटलं, "घर बघून सललं, ही ईर्ष्या. वर्षानुवर्षं भाडं भरणाऱ्याला सलणारच, त्यासाठी स्वतःला फटके मारू नका. नसलेली ओल सासूबाईंच्या कानावर घातलीत, ती असूया. ती मात्र तुम्ही केलीत, म्हणजे थांबवूही शकता."

त्या पहिल्यांदाच हसल्या. "म्हणजे मला तिचं घर पडायला नकोय. मला माझं हवंय."

तुम्हालाही असं होत असेल, तर सलणं दाबू नका. दाबलेलं सलणं दोष काढत बाहेर येतं. 'मलाही हे हवंय' असं घरात एकाला तरी सरळ सांगा. आणि ज्याचा हेवा वाटतो त्याच्याबद्दल तिसऱ्याशी बोलण्याआधी पाहा, जे सांगणार आहात ते खरंच दिसलंय का.

बाईंनी पुढच्या सोडतीसाठी अधिवासाचा दाखला काढायला घेतलाय. कागदपत्रांची यादी जावेनेच दिली. तिचं घर बघायला मात्र अजून गेलेल्या नाहीत, आणि मीही आग्रह धरलेला नाही.