केबलवाल्यांचा रेकॉर्डर घरी आणताय?

अमेरिकेत नव्याने केबल घेतलीत आणि कंपनी डीव्हीआर (टीव्हीवरचे कार्यक्रम आतल्या डिस्कवर रेकॉर्ड करून ठेवणारा बॉक्स) वापरून बघा म्हणतेय, तर जरूर बघा. फक्त भाडं बिलात कधीपासून लागणार ते आधी विचारून घ्या.

माझं कळकळीचं सांगणं आहे ते सामन्यांबद्दल. रेकॉर्डर वेळापत्रकातली वेळ बघतो, खेळ संपलाय की नाही हे त्याला कळत नाही. आमच्याकडे फुटबॉलची मॅच ओव्हरटाइममध्ये गेली आणि नेमकं तिथेच रेकॉर्डिंग तुटलं. फार हळहळलो. तेव्हापासून थेट प्रक्षेपण असलं की रेकॉर्डिंगचा शेवट तासभर पुढे ढकलून ठेवतो. जागा जाते, जाऊ दे. बघून झालं की पुसायचं. जुन्या 160 जीबीच्या बॉक्समध्ये एचडीचे साधारण 20 तासच मावतात, म्हणून मालिकांना ‘फक्त नवे भाग’ हाच पर्याय लावा.

बॉक्स बंद कपाटात कोंबू नका. टीव्ही बंद असला तरी आतली डिस्क फिरत असते. वरून हात लावून बघा, गरम लागेल.

आणि जपून ठेवायचं काही असेल तर त्याच्यावर विसंबू नका. बॉक्स भाड्याचा, बिघडला की बदलून देतात, आणि डिस्कवरचं सगळं त्याच्याबरोबर जातं.